चौसष्ट बल्ल्यांची थप्पी

मॅट्रिक झाल्यावर मला जंगल खात्याच्या एका डेपोवर मुन्शीची हंगामी जागा मिळाली. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली हे चांदा जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव होतं. चांद्याहून अर्धा दिवस मोटारीने आणि उरलेला दिवस बैलगाडीने गेलं की आमचा डेपो यायचा. डेपो म्हणजे इमारत वगैरे नव्हे. झाडं काढून साफ केलेली दोन-तीन एकर जागा, एका कडेला माझी कुडाची खोली, तिच्यात एक खाट, एक कंदील आणि खात्याची पेटी. आईने सोबत लोणच्याची बरणी दिली होती, ती वाटेतच फुटली. त्या बरणीवरून मी दोन दिवस कुढत बसलो होतो, इतका मी तेव्हा लहान होतो. वय मात्र वीस पूर्ण होतं आणि अक्कल चाळिशीची आहे असा माझा समज होता.

जंगलातून सागाच्या बल्ल्या यायच्या. मांडीएवढ्या जाड, सरळ, सोललेल्या. त्यांच्या थप्प्या लावायच्या, प्रत्येक थप्पीला नंबर द्यायचा, रजिस्टरात बल्ल्यांचा आकडा लिहायचा, मग लिलाव. थप्पी लावायची रीत ठरलेली होती. जमिनीत दोन खुंट ठोकायचे आणि त्यांच्यामध्ये पहिला थर आडवा रचायचा. दुसऱ्या थरातली प्रत्येक बल्ली खालच्या दोन बल्ल्यांमधल्या खाचेत बसवायची, त्यामुळे वरच्या थरात आपोआप एक कमी होते. खाली दहा तर वर नऊ, त्यावर आठ. असं चढत जायचं. अशी बसलेली थप्पी हत्तीने ढकलली तरी हलत नाही, असं तिथले लोक म्हणत. मी हत्ती पाहिला नाही, पण मी स्वतः चढून नाचलो तरी ती हलली नव्हती.

हे काम बारा माणसांची एक टोळी करायची. टोळीच्या पुढाऱ्याला मेट म्हणत. आमचा मेट पन्नाशीचा गोंड माणूस होता. घरी गोंडी बोलायचा, आमच्याशी झाडीपट्टीतली मराठी. अंगाने किरकोळ, पण बल्लीचं टोक त्याने खांद्यावर घेतलं की दुसऱ्या टोकाच्या तरण्याची चाल अडखळायची. लिहिता-वाचता त्याला काय, टोळीत कोणालाच येत नव्हतं. मोजायची त्याची पद्धत म्हणजे बल्लीच्या प्रत्येक तोंडाला बोट लावायचं आणि वीस झाल्या की एक खडा बाजूला ठेवायचा. मला याचं हसू यायचं.

कारण मला शाळेत मास्तरांनी शिकवलेली युक्ती ठाऊक होती. खालच्या थराचा आकडा आणि वरच्या थराचा आकडा मिळवा, थर किती ते मोजा, गुणा, निम्मे करा. खाली दहा, वर पाच, थर सहा. पंधरा सक नव्वद, निम्मे पंचेचाळीस. संपलं. मेट तिकडे खडे ठेवतो आहे तोवर माझ्या तीन थप्प्या लिहून व्हायच्या. टोळीतली माणसं तोंडाकडे बघत राहायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मला कोणी तेव्हा म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं.

मेटला एक गोष्ट मात्र फार सहज यायची आणि ती मी पाहूनही पाहिली नाही. रेंजरसाहेब म्हणायचे, पन्नासची लाव. मेट क्षणभर जमिनीकडे बघायचा आणि सांगायचा, खाली चौदा, थर चार. चौदा, तेरा, बारा, अकरा. बरोबर पन्नास. बेचाळीसची लाव म्हटलं की खाली पंधरा, थर तीन. जन्मभर थप्प्या लावून कोणता आकडा कसा बसतो हे त्याच्या हाताला माहीत झालं होतं. मी समजत होतो की हे नुसतं सवयीचं काम आहे, बैल जसा आपला गोठा ओळखतो तसं.

दुसऱ्या वर्षी वरून हुकूम आला की लिलावासाठी प्रत्येक थप्पी चौसष्ट बल्ल्यांचीच हवी. हुकमाला कारण होतं. नवे पैसे अजून यायचे होते, रुपयाचे चौसष्ट पैसे होते. थप्पीत चौसष्ट बल्ल्या असल्या की थप्पीचा भाव जितके रुपये तितके पैसे एका बल्लीला पडतात, व्यापाऱ्याला बोली लावताना डोकं खाजवावं लागत नाही. हुकूम काढणाऱ्याने थप्पी कधी लावली नव्हती, एवढंच.

मी मेटला आकडा सांगितला. तो नेहमीसारखा जमिनीकडे बघत राहिला. या वेळी जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "हे चौसष्ट बसत नाई, मुन्शीजी. त्रेसष्ट घ्या, नाईतं पासष्ट घ्या."

मी म्हटलं, हुकूम चौसष्टचा आहे. तो म्हणाला, हुकूम असन, पण आकडा बसत नाई. मला वाटलं, नव्या कामाचा कंटाळा. मी त्याच्या देखत नाकेदाराला म्हणालो की नाचता येईना अंगण वाकडं. नाकेदार म्हणजे जंगलाचा पहारेकरी, तो हसला. मेट हसला नाही, रागावलाही नाही. लावतो म्हणाला आणि खुंट शोधायला गेला.

त्यानंतर मी आठ दिवस चांद्याला गेलो, बहिणीचं लग्न होतं. परत आलो तेव्हा नऊ थप्प्या लावून तयार होत्या. चैत्रातलं ऊन, प्रवासाने अंग आंबलेलं, आणि रेंजरसाहेबांना दुसऱ्या दिवशी आकडे हवे होते. मी रजिस्टर घेऊन निघालो. पहिली थप्पी. खाली अकरा, वर एक, थर दहा. अकरा आणि एक बारा, बारा दाहे विसाशे, म्हणजे एकशे वीस, निम्मे साठ.

चार कमी. दुसरी थप्पी, पुन्हा साठ. तिसरी, साठ. नऊच्या नऊ थप्प्यांत चार-चार बल्ल्या कमी, म्हणजे एकूण छत्तीस. सागाच्या छत्तीस बल्ल्या म्हणजे लहान गोष्ट नव्हे. आता खरं तर सगळीकडे नेमक्या चारच कमी का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला, पण मी त्याचं उत्तर असं काढलं की चोर हिशेबी आहे. मी आठ दिवस नव्हतो. थप्प्या मेटने लावल्या. मी रजिस्टरात स्वच्छ अक्षरात लिहिलं की छत्तीस बल्ल्या कमी भरतात आणि थप्पी लावणारा मेट याला जबाबदार आहे. अक्षर माझं चांगलं होतं, त्याचाही मला अभिमान होता.

रेंजरसाहेब सकाळी घोड्यावरून आले. त्यांच्या हद्दीत वणवा लागला होता, दोन रात्री झोप नव्हती, मिशीला राख होती. त्यांनी घोड्यावरूनच रजिस्टर वाचलं आणि मेटला बोलावलं. मेटने सगळं ऐकून घेतलं आणि तो साहेबांशी नाही, माझ्याशी बोलला.

"बोटानं मोजून पाहा."

"मोजलंय," मी म्हणालो.

हा एक शब्द मी परत घेऊ शकलो असतो तर बरं झालं असतं. थप्पी तिथे वीस पावलांवर होती. चौसष्ट तोंडांना बोट लावायला किती वेळ लागतो? हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मी आरसाच धरून बसलो होतो. रेंजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मॅट्रिक झालेला मुन्शी सांगतो आहे म्हटल्यावर त्यांनी आणखी विचारलं नाही. वणवा विझेपर्यंत मेटने डेपोत पाऊल ठेवायचं नाही, मग पुढचं बघू, असं सांगून ते गेले. नाकेदाराने जाऊन मेटच्या गावात घरं धुंडाळली. काही मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे पक्कं लपवलं, असं नाकेदार म्हणाला आणि मी हो म्हणालो.

टोळीतली माणसं मेटच्याच गावची. तीही दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. मग साहेबांचा निरोप आला की राखीव ढिगातल्या चार-चार बल्ल्या घालून थप्प्या चौसष्टच्या पुऱ्या करा, लिलाव थांबत नाही. मी आसपासच्या गावांतून सहा माणसं गोळा केली. त्यांना थप्पीवर वरून चार बल्ल्या चढवता येईनात. शिखरावर एकच बल्ली, तिच्यावर काय ठेवणार? ती घरंगळून माणसाच्या पायावर यायची. म्हणून मी म्हटलं, ही थप्पी पूर्ण उतरवा आणि नव्याने रचा. माणसं एकेक बल्ली उतरवू लागली आणि मी, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, सावलीत उभा राहून मोजू लागलो.

साठ म्हटलं तेव्हा जमिनीवर खुंटांच्या मध्ये अजून चार बल्ल्या पडलेल्या होत्या.

मी त्या माणसांना थांबवलं आणि दुसऱ्या थप्पीपाशी जाऊन प्रत्येक तोंडाला बोट लावत गेलो. चौसष्ट. तिसरी, चौसष्ट. नऊच्या नऊ चौसष्ट. मग मी शिखराकडे नीट पाहिलं. सगळ्यात वर एक बल्ली होती, आणि तिच्या खालच्या थरात दोन नव्हत्या, तीन होत्या. खाली अकरा, मग दहा, नऊ, असं उतरत तीनपर्यंत. ते त्रेसष्ट झाले. चौसष्टावी बल्ली मेटने वरच्या खाचेत एकटी ठेवली होती. दुसरं काही करता येण्याजोगं नव्हतंच. अकरापासून एकपर्यंत एकेक कमी करत गेलं तर थर अकरा व्हायला हवेत, दहा नव्हे, हे चौथीतल्या पोराला कळलं असतं. माझी युक्ती प्रत्येक थरात एक कमी असेल तरच चालते. शेवटच्या थराला दोन कमी होत्या आणि मी बघितलं नव्हतं.

माणसांना घरी पाठवून मी खोलीत कागद घेऊन बसलो. चूक माझी होती हे कळलं होतं, पण मेटने बल्ली तशी एकटी का ठेवली, चौसष्टची सरळ थप्पी का लावली नाही, हे मला शोधायचं होतं. कुठेतरी अजूनही वाटत होतं की चांगला कारागीर असता तर ती त्याला लावता आली असती. तासाभराने दिसलं की ती कोणालाच लावता येणार नाही. वरच्या आणि खालच्या थराची बेरीज गुणिले थर, हे दुप्पट चौसष्ट म्हणजे एकशे अठ्ठावीस यायला हवं. आता ती बेरीज आणि थर, या दोन आकड्यांतला एक सम असला तर दुसरा विषमच निघतो. कोणतीही थप्पी घेऊन बघा. आणि एकशे अठ्ठावीसला कुठल्या विषम संख्येने भाग जातो? एकाशिवाय कुठल्याच नाही. बेरीज तर एक असू शकत नाही, म्हणजे थर एकच, चौसष्ट बल्ल्या शेजारी शेजारी जमिनीवर पसरलेल्या. त्याला थप्पी कोण म्हणेल? नुसत्या दुपटीने वाढणारे जे आकडे, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, ते सगळे असेच. बाकी कोणताही आकडा बसतो. मेटने मला पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं, आणि मी वर म्हण ऐकवली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गावाला चालत गेलो. जंगलातून तीन कोसांची वाट. अंगणाअंगणांत मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा वास गावाच्या बाहेरपर्यंत येत होता. गावदेवाच्या पूजेचा मांडव घालायचं काम चाललं होतं आणि टोळीतली सगळी माणसं खड्डे खणत होती. मेट त्यांच्यात नव्हता. तो पलीकडे एका झाडाखाली एकटाच बसला होता, हातावर हात ठेवून. मी एका म्हाताऱ्याला विचारलं. तो गावचा पाटील होता. त्याने सांगितलं की चोरीचा बोल लागलेला माणूस पंचांपुढे मोकळा होईपर्यंत गावाच्या कामाला हात लावत नाही. मांडवाचा पहिला खांब वीस वर्षं मेटच रोवत आला होता. यंदा कोण रोवणार हे अजून ठरलं नव्हतं.

मला वाटलं होतं, मेटला बाजूला घेऊन दोन शब्द बोलेन आणि परत येईन. ते जमण्यासारखं नव्हतं. पाटलाने माणसं गोळा केली आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं की बल्ल्या पूर्ण आहेत, एकही कमी नाही, मोजणी माझी चुकली. मग पाटलाने विचारलं, चुकली कशी? मला शब्दांत सांगता येईना. मी अंगणातली चौसष्ट मोहफुलं मोजून घेतली आणि जमिनीवर बसून ओळी मांडू लागलो, अकरा, दहा, नऊ. तीनपर्यंत आल्यावर हातात एक फूल उरलं. टोळीतला एक जण म्हणाला, खालून बारा घ्या. बारा घेतली, शेवटी एक उरलं आणि वरची ओळ पाचची हवी होती. दुसऱ्याने दहा घेतली, तर एका फुलाच्या ओळीपर्यंत मांडूनही नऊ उरली. माणसं वाकून वाकून बघू लागली, बायकाही आल्या, जो तो आपला आकडा सांगू लागला. पाटलाने स्वतः दोनदा मांडून पाहिलं. शेवटी त्याने हात झटकले आणि मेटकडे बघून गोंडीत काहीतरी म्हटलं. सगळे हसले. मेट मोकळा झाला होता.

तो उठून माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. त्याने विचारलं, "मी म्हटलं तेवा काऊन नाई मोजलं?"

मी वणव्याचं, साहेबांच्या घाईचं सांगणार होतो. ते सोडून मी खरं ते सांगितलं, "आकड्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल असं माझ्या मनातच आलं नाही, भाऊ."

 तो म्हणाला, "हेच लिहा. चोर म्हनून कागदावर लिहलं ना, मंग हेबी कागदावर लिहा." आणि खांबाकडे गेला.

मी त्याच संध्याकाळी लिहिलं. बल्ल्या पूर्ण आहेत, मोजणीत चूक झाली, चूक माझी. खाली आणखी लिहिलं की हा आकडा थप्पीत बसत नाही असं मेटने आधीच सांगितलं होतं, त्याचं म्हणणं बरोबर होतं, मी ते मानलं नाही. वणवा विझल्यावर रेंजरसाहेब आले. त्यांनी पहिला भाग वाचून मान हलवली. खालच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, हे खोडा. वरच्या साहेबांचा हुकूम मेट चूक ठरवतो, असं रजिस्टरात राहू शकत नाही. शिवाय तुमची जागा कायम व्हायची आहे ना? माणूस वाईट नव्हता, माझ्या भल्याचंच सांगत होता. मी खोडलं. एकदा खोडून अक्षरं दिसत होती म्हणून पुन्हा शाई फिरवली.

टोळी सोमवारी कामावर आली. मेटने माझ्या खोलीच्या दाराशी उभं राहून विचारलं, लिहलं काय? मी लिहिलं म्हणालो. तो म्हणाला, वाचून दाखवा. त्याच्या मागे अकरा माणसं उभी होती. मी रजिस्टर उघडलं आणि वाचलं. बल्ल्या पूर्ण आहेत. चूक माझी. तिथून पुढे पानावर काळा पट्टा होता. मी त्या पट्ट्यावर नजर ठेवून न अडखळता वाचत गेलो, की मेटने आधीच सांगितलं होतं, त्याचं म्हणणं बरोबर होतं, मी ते मानलं नाही. मेटने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग बरं म्हणाला आणि टोळीला घेऊन कामाला लागला.

माझी जागा पुढच्या वर्षी कायम झाली. मेट आणखी सात हंगाम आमच्याकडे होता आणि त्या पानाचं त्याने परत कधी विचारलं नाही. त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता.